वालीवच्या गाळ्यातलं जिवंत औषध

आमच्या कारखान्यात एका वेळी एकाच माणसाचं औषध तयार व्हायचं. ते दुसऱ्या कुणाला चालत नसे, दुकानात मिळत नसे, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस ते मिळण्याआधीच गेला, तर त्याचा कुणालाच उपयोग नसे. वसईजवळ वालीवच्या औद्योगिक वसाहतीत असा धंदा चालतो हे आजूबाजूच्यांना खरं वाटत नव्हतं. आमच्या खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची, शेजारच्या इमारतीत गाद्यांचा फोम कापायचे. दिवसभर टेम्पो भरले जायचे. आमच्या दाराशी मात्र कधीतरी एखादी छोटी गाडी यायची, एक डबा देऊन जायची किंवा एक डबा घेऊन जायची. समोरचा चहावाला एकदा मला काळजीनेच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे माल भरताना कधी दिसत नाही. धंदा चालतो ना बरोबर?"

मी म्हटलं, "चालतो. आमचा माल हाताच्या तळव्यावर मावतो."

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. नोकरीची बहुतेक वर्षं बोईसरला इंजेक्शनं भरणाऱ्या कारखान्यात गेली. जंतू आत येऊ द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम होतं, आणि ते मला चांगलं जमायचं. निवृत्ती दिसू लागली होती तेव्हा वालीवला ही नवी कंपनी निघाली. त्यांना निर्जंतुक विभाग सांभाळणारं माणूस हवं होतं. मी आचोळ्याला राहते, रिक्षाने जाऊन येता येईल म्हणून मुलाखतीला गेले. खरं सांगायचं तर घराजवळ म्हणून गेले. ते काय बनवणार आहेत ते ऐकलं आणि परत येताना रिक्षावाल्याला पत्ता सांगायचंच विसरले.

ते काय होतं ते सोप्या शब्दांत सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही पेशी पहारा देतात, परकं कुणी शिरलं की मारतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. रक्ताच्या कॅन्सरची पेशी परकी नसते, घरातलीच बिघडलेली असते, त्यामुळे पहारेकरी तिला ओळखत नाही. ज्या रुग्णांवर केमोथेरपी चालेनाशी झाली आहे, अशांच्या टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढून आमच्याकडे यायच्या. आम्ही त्यांच्यात एक नवं जनुक घालायचो. ते आत पोहोचवायला एक विषाणू वापरतात, रोग करण्याची त्याची ताकद आधीच काढून घेतलेली असते. हे जनुक मिळालं की पेशीच्या अंगावर हुकासारखा एक आकडा उगवतो, आणि तो आकडा कॅन्सरच्या पेशीवरची खूण बरोबर पकडतो. मग त्या पेशी आठवडा-दहा दिवस वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि मुंबईच्या हॉस्पिटलला पाठवायच्या. तिथे सलाइनसारख्या त्या रुग्णाला परत दिल्या जातात. ज्याच्या त्यालाच.

उपचार तेव्हा प्रायोगिक होता. सरकारी परवानग्या घेऊन, मोजक्या रुग्णांवर. यश येईल असं कुणी कुणाला वचन देत नव्हतं.

आमच्या कामात रुग्ण दिसत नाही. नावही कळत नाही. पिशवीवर एक संकेतांक असतो, सोबत वय आणि वजन. सुरुवातीच्या काळात एका पन्नाशीतल्या माणसाच्या पेशी आल्या होत्या. रोज सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पेशी जिवंत होत्या, पण वाढत नव्हत्या. इतक्या वेळा केमोथेरपी घेऊन त्या थकून गेल्या होत्या. खाद्य बदललं, त्यांना चेतवणारी द्रव्यं पुन्हा दिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी हॉस्पिटलच्या डॉक्टर गोडबोल्यांना फोन करून सांगितलं, की हे औषध तयार होणार नाही.

काही दिवसांनी ते मला म्हणाले, "ते पोस्टमन होते. रोज राउंडला गेलो की विचारायचे, डॉक्टर, माझं पार्सल कुठवर आलं?"

ते गृहस्थ त्याच महिन्यात गेले. आमच्याकडून चूक झाली नव्हती, हे मला माहीत आहे. तरी ते पार्सल पोहोचलं नाही याची रुखरुख अजून आहे.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

उन्हाळ्याचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या पेशी आल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमाराला खालून सिक्युरिटीचा फोन आला, "मॅडम, एक काका आलेत. जातच नाहीत. आमची वस्तू इथं आलीये म्हणतात."

मी खाली गेले. साठीचा, उन्हाने रापलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळीच्या पानाचा पुडा. मला बघून उठून उभे राहिले.

"ताई, मी हरिश्चंद्र, हरिभाऊ म्हनतात. आगाशीच्या पल्याड आमचं गाव. माजी पोर मुंबईला हास्पिटलात हाय. काल तिच्या रगतातलं काय काय काडलं, तवा गाडीवाल्याला इचारलं, कुटं नेतोस बाबा? तो म्हनला, वसईला, वालीवला. आमी इथनं उटून मुंबईला गेलो, आनि ते परत इथंच आलं."

मी म्हटलं, "काका, इथे कुणाचं काय येतं ते मला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"सांगू नका. मी इचारतच नाय. मी बोलतो, तुमी निस्तं आयका."

मी त्यांच्याजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं. घरची भातशेती, मागे सोनचाफ्याची वाडी. मुलीचं नाव मानसी. गावातल्या बालवाडीत शिकवते. दोन वर्षांपूर्वी ताप हटेना, अंगावर निळे डाग उठू लागले, तेव्हा कळलं. केमोथेरपीने बरी झाली, पुन्हा आलं. पुन्हा बरी झाली, पुन्हा आलं. घरात कुणाचा बोनमॅरो जुळला नाही. "डाक्टर म्हनले, आता हा येकच रस्ता हाय. आनि रस्ता नवा हाय, पुडं काय हाय ते आमालाबी पुरतं ठावं नाय. सरळ बोलले. मला ते बरं वाटलं."

मग ते हळूच म्हणाले, "लांबनं बगाया मिळंल का? काचेतनं?"

"काचेतून काही दिसत नाही, काका. गढूळ पाण्याची पिशवी दिसते."

"तीच बगतो."

"नाही दाखवता येणार."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. मग विचारलं, "अशा पेशींना खाया काय देतात?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मोठमोठे पाहुणे यायचे, ते यंत्रांच्या किमती विचारायचे. मी म्हटलं, "साखर, क्षार, प्रथिनं. पातळ पेजच म्हणा ना."

"गरम?"

"अंगाइतकी गरम. रोज बघतो आम्ही. दमलेल्या वाटल्या तर जास्त देतो."

"बरं," ते म्हणाले. "मंग बरं हाय."

पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. सोनचाफा होता. "आत ठेवा," म्हणाले. फुलं आत नेता येत नाहीत, त्यांच्याबरोबर परागकण आणि बुरशी येते, असं मी सांगितलं. "मंग तुमी घ्या," म्हणाले आणि उन्हातून चालत निघून गेले. मी वर जाऊन आंघोळ केल्यासारखे हात धुतले, पोशाख चढवला आणि आत गेले. त्या दिवसापासून त्या संकेतांकाला माझ्यापुरता चेहरा आला. असं होऊ नये म्हणूनच तर नावं देत नाहीत.

मानसीच्या पेशी चांगल्या निघाल्या. पहिले दोन दिवस गप्प होत्या, मग दुपटीने वाढू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे द्राक्षांसारखे घोस दिसायला लागले, की आमच्या धंद्यात समजायचं, गाडी रुळावर आहे. मी मनातल्या मनात हरिभाऊंना सांगत होते, खातायत बरं का.

आणि मध्येच शेजारी आग लागली.

दुपारची वेळ. मी आणि माझी सहकारी प्रज्ञा आत होतो, पेशींना नवं खाद्य देऊन पिशवीची नळी वितळवून बंद केली होती. आत असलं की बाहेरचा वास येत नाही, आवाज येत नाही. काचेवर टकटक झाली. मेल्विन उभा होता. मेल्विन आमचा हवा आणि वीज सांभाळणारा इंजिनिअर, वसईतल्याच गावचा, कधी घाई न करणारा माणूस. त्याने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, फोमवाल्याकडे आग लागलीये. धूर आपल्याकडे येतोय. मी बाहेरची हवा बंद केली. फायर ब्रिगेड मेन लाइन तोडतंय, बिल्डिंग खाली करा म्हणतायत."

"इन्क्युबेटर?" मी विचारलं. पेशी त्याच्याच उबेत वाढत होत्या.

"बॅटरीवर किती टिकेल सांगता येत नाही. तुम्ही दोघी आधी बाहेर या."

"पिशवी घेऊन येते."

"मॅडम, ती बाहेर काढली तर ती चालणार आहे का परत?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. आमच्या नियमांत त्या खोलीतून वाढत्या पेशी बाहेर नेण्याची सोयच नव्हती. कंपनीच्या संचालक परदेशात होत्या, फोन लागत नव्हता. पिशवी चारही बाजूंनी बंद होती, नळ्या वितळवून बंद केलेल्या. बाहेर नेली तर शंका राहणार होती. आत ठेवली तर ती थंड होऊन मरणार, यात शंका नव्हती. मी प्रज्ञाला म्हटलं, "बाहेरच्या दोन पिशव्या घाल तिला, प्रत्येक वेळी पुसून." तिने तसं केलं. नमुने न्यायला आमच्याकडे बॅटरीवर ऊब धरणारी एक पेटी होती. तिच्यात पिशवी आडवी ठेवली आणि आम्ही जिन्याने खाली आलो. जिन्यात धूर होता. खाली अग्निशमनचा अधिकारी ओरडला, "सामान नको, माणसं फक्त!" मी म्हटलं, "हे माणूसच आहे," आणि पुढे गेले. तो काय समजला देव जाणे.

प्रज्ञा बाकीच्यांबरोबर तिथेच थांबली, मेल्विनने गाडी काढली. पेटी माझ्या मांडीवर. ऊन रणरणतं होतं, तरी एसी लावला नाही, काचा बंद ठेवल्या. मी डॉक्टर गोडबोल्यांना फोन लावला. हॉस्पिटलमध्ये बोनमॅरोसाठी एक छोटी निर्जंतुक प्रयोगशाळा होती. मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "पुन्हा पेशी काढणं शक्य नाही. आजार परत रक्तात उतरलाय. आहे ते एवढंच आहे. आमचा इन्क्युबेटर मोकळा करायला सांगतो. या तुम्ही."

वसई फाट्याहून हायवेला लागलो. खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक अडकलं. पेटीच्या पडद्यावर बॅटरीची रेघ कमी होत चालली होती. मेल्विनने गाडीतून वायर ओढून ती लावून दिली, पण चार्ज होते आहे की नुसता दिवाच लागला आहे ते कळेना. तापमान मात्र हललं नाही. घामाने आमचे कपडे निथळत होते. मेल्विन हळू आवाजात प्रार्थना पुटपुटत होता. मी म्हटलं, "मोठ्याने म्हण, मलाही ऐकू दे." तो मोठ्याने म्हणू लागला. मला त्यातलं थोडंच येत होतं, तेवढं मी त्याच्याबरोबर म्हटलं.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी डॉक्टर स्वतः उभे होते. पेटी आत गेली. आम्ही दोघं तिथल्याच पायरीवर बसलो.

पुढचे दिवस आगीपेक्षा कठीण गेले. पेशींची वाढ मंदावली होती, पण थांबली नव्हती. प्रश्न होता तो जंतूंचा. वाढ पुरी झाल्यावर पेशी तिथेच गोठवल्या, त्यांचे नमुने तपासायला दिले आणि मी रोज ते बघायला जात होते. एखादा जंतू जरी आत गेला असला, तरी केमोथेरपीने प्रतिकारशक्ती संपलेल्या त्या मुलीला आम्ही औषध नव्हे, विषच दिल्यासारखं झालं असतं. रात्री झोपताना हेच डोक्यात असायचं. तपासण्यांचे निकाल आले. जंतू नाहीत. जिवंत पेशींचं प्रमाण चांगलं. एकूण संख्या ठरवली होती त्यापेक्षा कमी, पण लागते त्याच्या वर.

कंपनीने आणि हॉस्पिटलच्या समितीने कागद तपासले, बैठक घेतली. शेवटचा निर्णय रुग्णाचा. डॉक्टरांनी मानसीला आणि तिच्या वडिलांना काही न लपवता सगळं सांगितलं, आग, धूर, गाडीतला प्रवास, कमी संख्या. तिने विचारलं, "दुसरा काही रस्ता आहे?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग द्या." हरिभाऊ म्हणाले, "आगीतनं आल्यात म्हंता, तर तगड्या असतील."

पेशी देण्याआधी डॉक्टरांनी मला फोन केला. मी विचारलं, "किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "चहा पिऊन होईपर्यंत." एवढ्यासाठी एवढं सगळं.

मग ताप आला. तो यावा लागतो. पेशी कामाला लागल्या की शरीरात वणवा पेटतो, तो आटोक्यात ठेवायची औषधं असतात. या उपचारात रुग्णाकडून रोज एकच वाक्य लिहून घेतात, मेंदूवर परिणाम होतोय का ते हस्ताक्षरात सगळ्यात आधी दिसतं. मानसी रोज लिहायची, "मी बालवाडीत शिकवते." एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "आज तिला 'मी' सुद्धा लिहिता आलं नाही. नुसत्या रेघा मारतेय."

मी त्या दिवशी कामावर होते. गाळ्याची धुऊन-पुसून साफसफाई चालली होती, भिंतींवरची काजळी जात नव्हती. मी फडकं घेऊन भिंत घासत बसले. ते माझं काम नव्हतं. मेल्विन आला, काही न विचारता दुसरं फडकं घेतलं आणि शेजारची भिंत घासायला लागला.

औषधं बदलली. दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने पेन मागितलं आणि वाक्य लिहिलं. अक्षर बालवाडीतल्या मुलासारखं होतं, पण वाक्य पूर्ण होतं. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "लिहिलं." मी मेल्विनला सांगितलं, तो तोंड फिरवून खिडकीकडे गेला.

महिन्याभराने बोनमॅरोची तपासणी झाली. कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. अगदी बारीक शोधणाऱ्या तपासणीतही नाहीत. मी चाळीस वर्षांच्या नोकरीत बक्षिसं घेतली, सत्कार झाले. त्यातलं एकही त्या फोनच्या जवळपास येत नाही. हे मी बिनदिक्कत सांगते. माणसाने आपल्या कामाचा अभिमान बाळगावा, फक्त तो कशाचा आहे ते त्याला ठाऊक असावं. आमच्या हातून नेहमी असं झालं नाही. काहींचा आजार काही महिन्यांनी परत आला, पोस्टमनसारख्या काहींपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. पण त्या गाळ्यातून बाहेर पडलेल्या डब्यांमुळे काही माणसं आज आपापल्या घरी चहा पितायत, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं मला कधी कळणार नाहीत, आणि तरी तो माझा अभिमान आहे.

मानसीचं नाव मात्र कळलं होतं. वर्ष उलटल्यावर तिनेच डॉक्टरांकडून निरोप पाठवला. घरी सत्यनारायण आहे, यायचं. रुग्णाने स्वतः बोलावलं तर नियम आड येत नाही. मी आणि मेल्विन गेलो.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मांडवात. केस आखूड, नुकतेच वाढलेले, अंगावर हिरवी साडी, दोन्ही हातांनी बालवाडीतली पोरं पंगतीला बसवत होती. मला बघून थांबली. हरिभाऊंनी तिला मी कोण ते सांगितलं. मग ती म्हणाली, "त्या अजून आहेत का माझ्यात?"

"आहेत," मी म्हटलं. "थोड्या. पहाऱ्याला."

"मला कधी कधी वाटतं, विचारावं त्यांना, आगीत भ्यालात का म्हणून."

"त्या नाही भ्याल्या. आम्ही भ्यालो."

ती हसली आणि पुन्हा पोरांकडे वळली, कारण एकाने दुसऱ्याच्या पानातला लाडू उचलला होता.

आम्हाला मोठ्या माणसांच्या पंगतीला बसवलं. वाढायला गावातल्या बायका होत्या. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. ओळखीचा चेहरा नाही, नात्यातली दिसत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "तुमी मानसीच्या कोन?"

वालीवला कामाला होते म्हणावं, की काय म्हणावं? तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन हरिभाऊ तिथे आले. त्यांनीच उत्तर दिलं.

"काकी, आमची पोर दोन ठिकानी वाडली. आदी आमच्याकडं, मंग ह्यांच्याकडं."

काकींना काही उमगलं नाही. त्यांनी "बरं बरं" म्हणून माझ्या पानात आणखी भात वाढला. भूक नव्हती, पण मी तो मुकाट्याने सगळा संपवला.